भाजी विचारणारा सुबोध

रक्तदाबावर बोलायला आलेल्या डॉक्टरांना सुबोधने पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरसाहेब, आज काय भाजी खाल्ली?"

थेट प्रक्षेपण चालू होतं. डॉक्टरांनी मुद्द्यांचा कागद काढून समोर नीट मांडला होता. ते जरा गडबडले आणि म्हणाले, "सकाळपासून पेशंट होते हो. अजून काहीच खाल्लं नाही."

"मंग बोलान कसे?" सुबोध माइकवरच म्हणाला. त्याने हेडफोन काढून ठेवले आणि काचेपलीकडे बसलेल्या निकिताला गाणं लावायची खूण केली. गाणं संपेपर्यंत खालच्या ठेल्यावरून तर्री-पोहे वर आले. पुढची वीस मिनिटं डॉक्टर तेल कमी खा, मीठ कमी खा, असं कळकळीने सांगत होते आणि सांगता सांगता लाल तवंगातले पोहे खात होते. त्यांच्या चमच्याचा आवाज दहा किलोमीटरच्या परिसरात स्वच्छ ऐकू गेला. जाताना त्यांनी सुबोधची पाठ थोपटली. मी मात्र कार्यक्रमाच्या वहीत लाल शाईने लिहिलं : "हा आरोग्याचा कार्यक्रम होता की खानावळीचा?"

आमचा रेडिओ उत्तर नागपुरात, कामठी रोडच्या आतल्या अंगाला, एका समाजभवनाच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, गच्चीवर टॉवर, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या जुन्या गाद्या. परवाना एका संस्थेच्या नावावर आहे, पण चालवतो आम्ही पोरं. आमच्यातला सगळ्यात मोठा सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्याला सगळे 'आजोबा' म्हणतात. कोणी कॉलेजात, कोणी स्पर्धा परीक्षेच्या रांगेत, कोणी मोबाइलच्या दुकानात. आमचा आवाज दहा-बारा किलोमीटर जातो आणि तिथे संपतो. लोक ही मर्यादा समजतात. मी म्हणते, हीच ताकद आहे. तुमच्या गल्लीतला नळ आज का आला नाही, हे कोणताही मोठा रेडिओ सांगणार नाही, कारण त्याला तुमची गल्लीच माहीत नाही!

हे वाक्य मी एकदा माइकवर म्हटलं आणि तेव्हापासून सुबोध मला 'पत्रकबाई' म्हणायला लागला. "अवं पत्रकबाई, तू बोलली का असं वाटते, कोणी सायकलवरून कागद वाटत जाऊन राहिलं." त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या घरी मोर्च्यांची पत्रकं गठ्ठ्यांनी यायची आणि माझी पाचवीपर्यंतची गणितं त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोडवलेली आहेत. पण नाव पडलं ते पडलंच. आता फोन करणारे लोकही "पत्रकबाई आहेत का जी?" असं विचारतात.

सुबोध सव्वीस वर्षांचा आहे. अंगाने काटकुळा, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. तो गॅसचे सिलेंडर पोचवतो. सकाळी सहाला गोडाऊनवर, साडेदहापर्यंत आमच्या वस्तीतल्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांतल्या जिन्यांवर, आणि बरोबर अकराला घामाने भिजलेल्या गणवेशात माइकसमोर. 'अकराचा फोन' हा त्याचा कार्यक्रम. सोमवार ते शुक्रवार, एक तास. लोक फोन करतात आणि काहीही विचारतात : शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे मिळतो, रेशन कार्डात सुनेचं नाव कसं चढवायचं, हरवलेली शेळी कोणाला दिसली का. सुबोधला माहीत असलं तर तो सांगतो, नसलं तर दुसऱ्या दिवशी विचारून आणतो. फक्त एक अट. आधी भाजी सांगायची.

"आधी भाजी, मंग बाकीचं," हे त्याचं पेटंट वाक्य. एकदा एक माणूस फारच घाईत होता. म्हणाला, "अहो, माझ्या घरासमोर विजेची तार तुटून पडली आहे!" सुबोधने तातडीने निकिताला वीज कार्यालयाला फोन लावायला सांगितलं, गल्लीतल्या लोकांना तारेपासून दूर राहायला सांगितलं, सगळं अगदी नीट केलं. आणि मग शांतपणे म्हणाला, "हां. आता सांगा, काय भाजी केली?"

या वेडामागे त्याचं एक शास्त्र आहे. ते त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते.

"लोकाईले 'कसे आहा' विचारलं का ते म्हणते 'मजेत'. त्या मजेतमधून काही समजते काय? भाजी विचारली का माणूस दोन सेकंद थांबते, आठवते. आठवून बोलते ते खरं बोलते."

मग त्याने भाज्यांचा अर्थ लावून दाखवला. वांगं म्हणजे घर ठीक चालू आहे. सलग तीन दिवस आलू म्हणजे कोणीतरी रुसलेलं आहे. पाटोडीची रस्साभाजी म्हणजे जावई आला. "असते ते खातो जी" असं म्हणणारा माणूस घरात बोलत नाही. आणि जो चहा-टोस्ट म्हणतो, त्याचा नंबर सुबोध वहीत लिहून घेतो.

"आणि हे तुला कोणी शिकवलं?"

"सिलेंडरनं," तो म्हणाला. "कोणत्या घरचा किती दिवस जाते, मले पाठ आहे. ज्या घरचा लवकर संपते तिथं भांडणं असन, पण माणसं असते. ज्या घरचा संपतच नाही नं, तिथं पाहावं लागते."

या शास्त्रामुळे गोंधळही झाले. एके दिवशी एका गृहस्थांनी पेन्शनविषयी फोन केला आणि भाजी विचारल्यावर रुबाबात सांगितलं, "भरलं वांगं." पाच मिनिटांनी पुढचा फोन मंदाताई नावाच्या बाईंचा. आवाजात धार. "सुबोध भाऊ, आत्ता जे बोलले ते आमचे हे. माझ्या घरी आज दोडके आहेत. हा माणूस भरलं वांगं कोठं खाऊन आला, ते विचारून सांगा!" सुबोधने खरोखरच त्या गृहस्थांना परत फोन लावला. तपासाअंती कळलं की दोडका सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी वांगं सांगितलं होतं. मंदाताई म्हणाल्या, "दोडक्याची लाज वाटते काय? उद्यापासून स्वतः कर." आणि त्या दिवसापासून त्या घरात आठवड्यातून दोनदा गृहस्थ भाजी करतात. हा बदल मी स्त्री-पुरुष समतेवर केलेल्या बारा भागांच्या मालिकेने घडवला असता तर मला आनंद झाला असता. तो एका दोडक्याने घडवला.

पण मग वाचनालयातल्या मुलीचं प्रकरण झालं, आणि माझा संयम सुटला.

ही मुलगी पोलीस भरतीचा अभ्यास करायची, खोली करून राहायची. तिने परीक्षेच्या तारखेविषयी फोन केला. भाजी? "भूक नाही दादा." दुसऱ्या दिवशी परत फोन. "भूक नाही." तिसऱ्या दिवशी तिचा फोन ठेवल्यावर सुबोध माइकवर म्हणाला, "वाचनालयाच्या मागं कोणाच्या घरी आज वरण-भात आहे?" तासाभरात तीन बायका डबे घेऊन वाचनालयात. सगळ्या अभ्यास करणाऱ्या पोरांसमोर ती मुलगी लाजेने लाल. ती जेवली, पण नंतर मला फोन करून रडली.

मी सुबोधला गाठलं. "कोणाची भूक अशी चव्हाट्यावर मांडायची नसते. भूक लागली तर प्रश्न सरकारला विचारायचा! त्या मुलीला वसतिगृह का मिळालं नाही, हे विचार. तू शेजारणींना डबे मागतोस. म्हणजे ज्यांनी द्यायचं ते मोकळे सुटले!"

"वसतिगृह केव्हा भेटन?"

"लढल्यावर."

"तवरोक ते काय खाइन?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं. म्हणून मी ठराव लिहिला. "फोन करणाऱ्या श्रोत्याला त्याच्या आहाराविषयी वैयक्तिक प्रश्न विचारू नये." आमच्याकडे सगळं ठरावाने होतं. शनिवारी अकरा वाजता बैठक, हात वर करून मतदान. कागद मी सोमवारी फळ्यावर लावला. सुबोधने तो उभ्याने वाचला, हळूहळू, ओठ हलवत.

मला वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "ठीक आहे वं. पण प्रश्न गेला का मीही जातो."

"हे ब्लॅकमेल आहे."

"नाही, खरंच. मी दुसरं काय विचारू लोकाईले? मले दुसरं काही विचारताच येत नाही." आणि खांद्यावरचा रुमाल झटकून तो स्टुडिओत गेला. मला पोरांचा अंदाज होता. निकिता माझ्या बाजूने, आजोबा माझ्या बाजूने. ठराव पास होणार होता आणि शनिवारनंतर 'अकराचा फोन' दुसरं कोणीतरी घेणार होतं.

मंगळवारी रामटेके गुरुजींचा फोन आला.

गुरुजी पारशिवनीकडच्या शाळांत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले, आता वस्तीच्या दुसऱ्या टोकाला पहिल्या मजल्यावर राहणारे. त्यांचा फोन म्हणजे माझा सण. खणखणीत आवाज, मुद्देसूद बोलणं. वाचनालयाची वेळ वाढवा, शाळेतलं पिण्याचं पाणी तपासा, नाल्यावरची जाळी बसवा. आमच्या रेडिओवर माझ्यापेक्षा जास्त पत्रकी बोलणारा तो एकच माणूस. सुबोधच्या प्रश्नालाही ते चिडत नसत. "आज आमच्याकडे अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर," असं जणू तोही एक मुद्दा आहे अशा थाटात सांगून पुढे जात.

त्या दिवशी ते म्हणाले, "आज सोलेभात होता. झकास. आता मुद्दा असा की..." आणि नाल्यावर दहा मिनिटं बोलले. मी काचेपलीकडून टाळ्या वाजवत होते. सुबोध ऐकतच नव्हता. तो टेबलाकडे पाहत बसला होता.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर येऊन तो म्हणाला, "गुरुजी खोटं बोलून राहिले."

"नाल्याबद्दल?"

"सोल्याबद्दल. मे महिना चालू आहे वं. तुरीचे हिरवे सोले मे महिन्यात कोठून आले? ते थंडीत येते."

"फ्रीजमध्ये ठेवले असतील."

"त्याईच्या घरी फ्रीज नाही. मी जातो नं तिथं."

"मग गुरुजींच्या बायकोने वाळवून..."

सुबोध माझ्याकडे पाहत राहिला. "बाई दिवाळीत गेल्या, पत्रकबाई. तुले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. गुरुजी दर आठवड्याला फोन करत होते. मी त्यांचे नाल्याचे, जाळीचे, पाण्याचे सगळे मुद्दे टिपून ठेवले होते.

"त्याच हप्त्यात मी सिलेंडर ठेवून आलो," तो म्हणाला. "तेव्हापासून बुकिंग नाही. सहा महिने होऊन राहिले."

"एकटा माणूस आहे. सहा महिने पुरत असेल."

"चहा करणाऱ्याले पुरते. सोलेभात करणाऱ्याले नाही पुरत."

बुधवारी कार्यक्रम संपला तसा तो भरलेला सिलेंडर खांद्यावर घेऊन निघाला. मी मागोमाग गेले. स्वतःला सांगितलं की श्रोत्याच्या खासगीपणाचं रक्षण करायला कोणीतरी हजर पाहिजे. बाहेर मे महिन्याचं नागपूर भाजत होतं आणि तो पायऱ्या चढताना एकदाही थांबला नाही.

गुरुजींनी दार उघडलं आणि मला धक्का बसला. त्या खणखणीत आवाजाचा माणूस सदऱ्यात हरवून गेला होता. गळ्याचं बटण लावलेलं, आणि कॉलर आणि मान यांच्यात माझी चार बोटं गेली असती.

"सिलेंडर, गुरुजी."

"मी बुकिंग केलं नाही."

"काँप्युटरनं केलं असन जी. तो आजकाल मनानं करते." सुबोध सरळ स्वयंपाकघरात शिरला. ओट्याखालचा जुना सिलेंडर त्याने एका हाताने उचलून पाहिला, तो अजून जड होता, जेमतेम हलला; मग तसाच ठेवला. मला त्याने काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ओट्यावर एक चहाचं भांडं, एक गाळणी आणि टोस्टचा पुडा होता. बाकी सगळी भांडी मांडणीत ओळीने लावलेली, बाईंनी लावली असतील तशीच.

मी तोंड उघडणार होते. माझ्या मनात एकाकी ज्येष्ठ नागरिकांच्या हक्कांविषयीचं एक पूर्ण भाषण तयार झालं होतं. सुबोधने मला डोळ्यांनी थांबवलं आणि तो गुरुजींसमोर जमिनीवरच बसला.

"गुरुजी, एक काम होतं जी. तुमच्याइथं बसून जेवू का मी? मले एकट्याले जेवण जातच नाही. घरी कोणी नाही. घास घेतला का तो तोंडातच राहते."

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तुमच्या घरी रोज काही ना काही होते म्हणून विचारलं. सोलेभात गिलेभात."

"सोले संपले," गुरुजी म्हणाले.

"मंग वांगे आहेत माह्याजवळ." त्याने खरंच पिशवीतून चार वांगी काढली.

गुरुजींनी एक वांगं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "तुला चिरता येतं?"

"नाही जी. तुम्हाले?"

"नाही."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाक ही बायकांची जन्मजात जबाबदारी नाही, हे मी दर बुधवारी रेडिओवर सांगते, आणि तो बुधवारच होता. मी खुर्चीवरून उठले नाही. हे तत्त्व होतंच. पण मलाही वांग्याची भाजी येत नव्हती, हेही होतं.

शेवटी सुबोधने मंदाताईंना फोन लावला आणि मोबाइल ओट्यावर उभा करून ठेवला.

"तेल तापलं का?" मंदाताई.

"तापलं म्हणजे कसं दिसते जी?" गुरुजी.

"अवं माय! मोहरी टाका एक. तडतडली का तापलं."

गुरुजींनी अतिशय काळजीपूर्वक मोहरीचा एक दाणा टाकला. एकच. मीही उठून आले, आणि आम्ही तिघंही वाकून त्याच्याकडे पाहत राहिलो. चष्म्यावर तेलाचा थेंब उडाला तेव्हा गुरुजी मागे सरले आणि हसले. वांगी थोडी करपली, थोडी कच्ची राहिली, आणि मीठ दोघांनी टाकल्यामुळे दुप्पट झालं. भाकरी आम्ही कोपऱ्यावरून आणल्या. गुरुजींनी अडीच खाल्ल्या. तिसरीचा अर्धा तुकडा ते सुबोधच्या ताटात टाकत म्हणाले, "तू काहीच खात नाहीस." हे खरं होतं. सुबोध जेवायला बसला होता खरा, पण हळूहळू चावत होता, जणू बऱ्याच दिवसांनी ते काम करतो आहे.

परत येताना मी त्याला दाद दिली. मनापासून दिली. "चांगली थाप मारलीस. घरी कोणी नाही, घास तोंडात राहतो. गुरुजींचा मानही राहिला आणि पोटही भरलं."

"हं," तो म्हणाला.

गुरुवारी तो परत गेला, शुक्रवारीही. दोन्ही दिवशी दुपारी मंदाताईंचा आवाज ओट्यावर. शुक्रवारी संध्याकाळी गुरुजींनी मला फोन केला. नाल्याचा मुद्दा नव्हता. म्हणाले, "त्या पोराला सांगून ठेवलं आहे. रोज माझ्याकडेच काय? उद्या शनिवारी मी त्याच्याकडे जेवायला जाणार आहे. तूही ये." मी म्हटलं, बैठक आहे. मला थोडं हसूही आलं. थाप आता अंगाशी येणार. आईला, घरच्यांना कुठे लपवणार हा?

ठराव मी मागे घेतला नाही. एका गुरुजींवरून धोरण ठरत नाही, असं मी स्वतःला बजावलं. पण शनिवारी सकाळपासून सुबोध फोन उचलेना. एखाद्याच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध ठराव मांडणं मला मान्य नाही. बाजू मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, अगदी भाजीवाल्यालाही! म्हणून साडेनऊला मी त्याचं घर शोधत गेले. दोन वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं, आणि त्याचं घर मला शोधावं लागलं.

रांगेतल्या खोल्यांपैकी शेवटून दुसरी. दार उघडंच होतं, आत कोणी नव्हतं. एकच खोली. एक खाट, एक घडी घातलेली चादर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या बाजूला एका बाईंचा फोटो. कोपऱ्यात ओटा. ओट्यावर गॅसची शेगडी होती. शेगडीच्या एका बर्नरवर हेल्मेट ठेवलेलं होतं आणि दुसऱ्यावर इस्त्री केलेला गणवेश. खाली सिलेंडरची जागा मोकळी. रबरी नळी गुंडाळून खिळ्याला टांगलेली.

"कोण पाहिजे वं?" शेजारच्या मावशी दारात आल्या.

मी सांगितलं, रेडिओतून आले.

"हौ काय? मंग तुम्हाले माहीत असन. पोरगा बोलते काय तुमच्याजवळ काही? आमच्याशी तर जेवढ्याले तेवढं." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "याची माय होती तवा अकरा वाजता टेम्पो उभा करून जेवाले येत होता. डिलिव्हरी राहो का जावो. दोन साल झाले तिले जाऊन. त्या दिवसापासून ते शेगडी पेटली नाही. मी डबा देतो म्हटलं, तर म्हणते खाऊन आलो मावशी. कोठं खाते, काय खाते..."

दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आमच्या जिन्यावर आला होता. आम्ही विचारलं, कोणती वेळ जमेल? तो म्हणाला होता, अकराची द्या, त्या टाइमले मी रिकामा असतो. आम्ही खूश झालो होतो. अकराची वेळ कोणालाच नको असते.

बुधवारी गुरुजींसमोर तो जमिनीवर बसला होता आणि जे होतं तेच बोलला होता. थाप त्यात मीच ऐकली.

बाहेर पावलं वाजली आणि सुबोध आला. खांद्यावर सिलेंडर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. मला पाहून तो दारातच थांबला. मग त्याने मी कुठे पाहते आहे ते पाहिलं.

"मीटिंग सुरू झाली काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"गुरुजी येऊन राहिले साडेअकराले." सिलेंडर खाली ठेवत तो म्हणाला. "नाही म्हटलं होतं मी. ऐकतच नाही ते."

मावशी आपल्या खोलीत गेल्या आणि तेलाची बाटली, मीठ-तिखटाचा डबा आणि एक कढई आणून दारात ठेवून गेल्या. सुबोधने नळी खिळ्यावरून काढली, पुसली. गणवेश उचलून खाटेवर टाकला. मग हेल्मेट उचललं आणि ते हातात घेऊन खोलीत एक चक्कर मारली. खाटेकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. दोन वर्षांत त्या हेल्मेटला दुसरी जागाच झाली नव्हती.

"हे कोठं ठेवू वं?"

मी हात पुढे केले.

अकराची बैठक आम्ही दोघांनीही चुकवली. ठराव मांडणारीच आली नाही म्हणून तो पुढे ढकलला, असं निकिताने नंतर कळवलं. मी ठरावाला परत तारीख मागितली नाही. सुबोध कांदा चिरत होता, वाईट चिरत होता, आणि डोळे बाहीला पुसत होता. मी खाटेवर बसून राहिले. गुरुजी येऊन दारात चपला काढेपर्यंत हेल्मेट माझ्या मांडीवर होतं.